कुसाबाईचं पुस्तक

१

शनिवारी मुलींची शाळा सकाळचीच असे. दुपारी जेवणं उरकली की सिंधुबाई पदर सावरत निघत आणि भद्रकालीच्या देवळाच्या बाजूला सलाउद्दीन बाइंडरच्या दुकानाशी येत. दुकानाच्या कडेनं एक अरुंद लाकडी जिना माडीवर जाई. माडीवर सलाउद्दीनची बायको ताहेराबी सतरंजी अंथरून वाटच पाहत असायच्या. खालून पुस्तकं चिकटवायच्या खळीचा आंबूस वास यायचा, आणि सिंधुबाईंना तो देवघरातल्या वासासारखा वाटायचा.

दोघींची ओळख पुस्तकांतूनच झाली होती. शाळेची फाटकी पुस्तकं बाइंडिंगला टाकायला सिंधुबाई यायच्या. एकदा पुस्तक परत घेताना ताहेराबी दाराआडून म्हणाल्या होत्या, "बाई, ह्यातली धाकटी जाऊ फार वाईट आहे हो." दुकानात आलेलं प्रत्येक पुस्तक खळ वाळेपर्यंत त्यांचं असे, मराठी असो नाहीतर उर्दू, त्या वाचून काढत. सिंधुबाई लहानपणीच विधवा झालेल्या. शिकून मास्तरीण झाल्या, तरी पुस्तकाबद्दल मनमोकळं बोलायला माणूस मिळालं नव्हतं. ते असं मिळालं.

पुढे नवसाबाई येऊ लागल्या. वकिलाच्या घरातल्या थोरल्या आत्याबाई, तीर्थयात्रांच्या वर्णनांचा त्यांना भारी सोस. तिघी बसायच्या, चहा व्हायचा, आणि मग प्रत्येकीनं सांगायचं: सध्या काय वाचतेय, कुठवर आलेय, पुढे वाचावंसं का वाटतंय. शेवट मात्र सांगायचा नाही. तो ज्याचा त्यानं वाचायचा.

चौथी होती कुसाबाई. ती दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि नुसती ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती. तिचा नवरा पुंजाराम तांबट आळीत भांडी ठोकायचा. त्यांना एकच मुलगी होती, बया. सिंधुबाईंच्या वर्गात होती, वाचायला हुशार. शाळेतून घरी गेली की चुलीपाशी बसून आईला धडे वाचून दाखवायची. दोन पावसाळ्यांपूर्वी विषमज्वरानं ती गेली. त्यानंतर काही महिन्यांनी कुसाबाई शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"बाई, कुठं कुणी मोठ्यानं वाचत असलं तर मला ऐकायला बसू द्याल का?" एवढंच ती म्हणाली.

सिंधुबाईंनी तिला शनिवारी बोलावलं. नाही म्हणणं त्यांना जमलंच नसतं.

२

माघातली दुपार होती. ताहेराबींची उर्दू कादंबरी रंगात आलेली. एका तरुणाचं गलबत बुडालं होतं आणि त्याच्या बायकोला ते अजून कळलं नव्हतं. त्या थांबल्या, चहाचे कप पुढे सरकवले आणि उगाच थट्टेनं म्हणाल्या, "काय कुसाबाई, तुम्ही काय वाचता सध्या?"

कुसाबाईनं मान वर केली. "मी बी वाचतेय एक."

नवसाबाई हसल्या. सिंधुबाईंना ते हसणं टोचलं, म्हणून त्या मऊपणानं म्हणाल्या, "कुणी वाचून दाखवतं का घरी?"

"नाय. मीच वाचते."

"बरं. मग सांगा की."

कुसाबाईनं पदराला हात पुसले आणि बोलू लागली. "एका घरात एक स्त्री राहत असे. एके दिवशी स्वयंपाकघरातील फडताळ उघडले असता, त्याच्या पाठीमागे खाली जाणारा जिना असल्याचे तिच्या दृष्टीस पडले. इतकी वर्षे त्या घरात राहूनही तो तिने कधी पाहिला नव्हता. तिने क्षणभर विचार केला, आणि दिवा न घेताच ती उतरू लागली."

गोष्ट काही मोठी नव्हती. पण 'नाय' आणि 'हाय' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून 'उघडले असता' आणि 'दृष्टीस पडले' असं छापील मराठी निघत होतं, तेही न अडखळता. सिंधुबाईंचा जन्म मुलींच्या तोंडून वाचन ऐकण्यात गेला होता. पाठ केलेलं म्हणणं आणि वाचणं यातला फरक त्यांना डोळे मिटून कळे. पाठ म्हणणारी मुलगी पुढे धावते. वाचणारी ओळीच्या शेवटी जरा थबकते, कारण डोळ्यांना परत डावीकडे यावं लागतं.

कुसाबाई तशी थबकत होती.

"एवढंच झालंय अजून," ती म्हणाली आणि गप्प झाली. त्या शांततेत पान उलटल्याचा आवाज आला. जाड, जरा दमट कागदाचं पान.

सिंधुबाईंनी आपल्या मांडीवर पाहिलं. त्यांचं पुस्तक मिटलेलं होतं. ताहेराबींचं कोनाड्यात होतं. नवसाबाईंनी त्या दिवशी आणलंच नव्हतं. खाली सलाउद्दीन पुस्तकाचे सुटे छापील फर्मे जुळवत असणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि तो विषय सोडून दिला.

घरी जायला त्या जिना उतरल्या तेव्हा दुकानाला कुलूप होतं.

"भाई कुठं गेले?" त्यांनी वर वाकून विचारलं.

"येवल्याला," ताहेराबी म्हणाल्या. "बहिणीकडे. सकाळच्याच मोटारीनं गेले."

३

पुढच्या शनिवारी कुसाबाईनं आपणहून सांगितलं. त्याच्या पुढच्याही. गोष्ट पुढे सरकत होती म्हणावं तर फक्त खाली सरकत होती. ती स्त्री उतरते आहे. पायऱ्या दगडी आहेत, त्यांवर ओल आहे. भिंत हाताला लागते ती कोमट लागते. मध्येच ती थांबते, वर पाहते, तर फडताळाचं दार नखाएवढं दिसतं. मग ती पुन्हा उतरू लागते. नाव नाही, गाव नाही, का उतरते तेही नाही. तरी तिघी ऐकत राहिल्या. ऐकताना आपले पाय सतरंजीखाली आखडले जाताहेत हे सिंधुबाईंच्या ध्यानात यायचं, पण उशिरा.

आणि ती थांबली की दर खेपेला ते पान उलटायचं.

सिंधुबाईंनी मनाला समजावून पाहिलं. कुणी तरी हिला वाचून दाखवत असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. बयाच्या जुन्या पुस्तकांत असा धडा असेल. पण असा धडा कुठल्या पुस्तकात नाही हे त्यांनाच पक्कं ठाऊक होतं. आवाज म्हणाल तर उंदीर असेल, छपरातलं कागदाचं अस्तर असेल. एका शनिवारी त्यांनी मुद्दाम छताकडे पाहिलं. छताला कागद नव्हता.

मग त्यांनी एक केलं. आपल्या हातातलं पुस्तक उघडून, जाणूनबुजून उलटं, कुसाबाईपुढे धरलं. "हे जरा वाचा बघू. चार ओळी."

कुसाबाईनं उलट्या पानाकडे पाहिलं. तिला ते उलटं आहे हेही कळलं नाही. "ह्यातलं मला काय कळतंय, बाई?"

"मग तुमचं ते पुस्तक कसं कळतं?"

"ते येगळं हाय," ती म्हणाली. "ते कळतं."

"घेऊन या ना एकदा. आम्हालाही पाहू दे."

कुसाबाई जराशी घाबरल्यासारखी झाली. "तिथनं हलत नाय ते."

नवसाबाई त्या दिवसानंतर आल्या नाहीत. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असा निरोप त्यांनी मोलकरणीबरोबर पाठवला. सिंधुबाई वाड्यावर जाऊन भेटल्या तेव्हा त्या तुळशीला पाणी घालत होत्या, गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

"सिंधू," त्या हळू म्हणाल्या, "तो आवाज कुसाबाईकडून येत नाही. तिच्या पाठीमागून येतो. तिच्यासाठी कुणी तरी पान उलटतंय. मला नाही बसवत तिथं."

४

होळी होऊन गेली आणि कुसाबाई वाळू लागली. गालांची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पण सिंधुबाईंची नजर खिळायची ती तिच्या हातांवर. सांगायला बसली की ती दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायची, बोटं जराशी वळवून, अंगठे वर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या सवयीचं सिंधुबाईंना कौतुकच वाटलं होतं. लहान मुलगी खोटं खोटं वाचायला बसते तशी ती दिसायची.

मग त्यांच्या लक्षात आलं की उजव्या हाताचा अंगठा दर शनिवारी बोटांच्या जवळ येतो आहे, आणि डाव्या हाताचा लांब जातो आहे. वाचून झालेली पानं डावीकडे साचत होती. उरलेली कमी होत होती.

आवाजही बदलला. कुसाबाई समोर दाराशीच बसलेली असे, ओठ समोरच हलत, पण बोलणं यायचं ते जरा खालून आल्यासारखं. विहिरीच्या काठावरून आत बोलणाऱ्याचा आवाज येतो तसा. आणि ती उठून गेली की माडीच्या जिन्यावर तिच्या पावलांचे ओले ठसे राहायचे. चढताना उमटलेले नव्हते. उतरतानाचेच. चैत्राचं ऊन, रस्त्यावर पाण्याचा टिपूस नाही, आणि ताहेराबी फडकं घेऊन जिना पुसत बसायच्या.

एका शनिवारी कुसाबाई गेल्यावर ताहेराबींनी दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, परवा मी खळ ढवळत होते. तुम्ही हसाल, पण ऐका. ढवळता ढवळता माझ्या तोंडून निघालं, 'तिच्या कानावर खालून एक हाक आली.' असंच, ह्याच शब्दांत. मला कळेना हे कुठून आलं. आणि आज कुसाबाईनं तेच सांगितलं. तेच वाक्य."

"मागच्या खेपेला तिनं सांगितलं असेल. तुमच्या लक्षात राहिलं असेल."

"नाही. तुम्हालाही ठाऊक आहे, नाही." ताहेराबींचे डोळे भरून आले होते. "मला तिचं वाईट वाटतं. फार वाटतं. पण माझी लेकरं आहेत बाई. खळ ढवळताना माझे हात थांबले होते, आणि असे उताणे झाले होते. मला कळलंही नाही. तिला आता माझ्या घरी आणू नका."

घरी जाईपर्यंत सिंधुबाईंनी दोन्ही हात पदराखाली घट्ट आवळून धरले होते.

५

पुंजाराम शाळेत आला तो मधल्या सुट्टीत. जन्मभर तांब्यावर घण घालून त्याचे कान गेले होते, त्यामुळे तो सगळ्यांशी ओरडूनच बोले. व्हरांड्यातल्या मुली थबकून पाहू लागल्या. सिंधुबाईंनी त्याला चिंचेखाली नेलं.

"तुम्ही तिला काय वाचायला दिलंय?" त्यानं विचारलं. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता.

"मी काही दिलेलं नाही." त्यांनी त्याला ओठ दिसतील अशा बेतानं, सावकाश सांगितलं.

"मागल्या खोलीत बसते. फडताळापुढं. सकाळी बसली की भाकरीला बी उठत नाय. मी हात धरून उठवली तर उठते, जेवते, पुन्हा जाऊन बसते. विचारलं तर म्हणते, वाचतेय."

"तिथं पुस्तक आहे का?"

पुंजारामनं हाताची काळी बोटं एकमेकांवर चोळली. "मला तर दिसत नाय. मला वाटलं, कान गेले तशी नजर बी गेली. म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्ही येऊन बघा. तुम्हाला दिसलं तर मला सांगा, नाय दिसलं तरी सांगा."

"तुमच्या घराला तळघर आहे का? जिना, धान्याचं बळद, असं काही?"

"नाय," तो म्हणाला. "खाली खडक हाय. चूल रोवायला खड्डा मारला तेव्हा पहार मोडली माझी."

घंटा झाली. मुली वर्गात गेल्या. सिंधुबाईंनी हेडबाईंची परवानगी घेतली आणि त्याच्याबरोबर निघाल्या. वाटेत त्यांना वाटलं, निदान नवसाबाईंना बरोबर घ्यावं. मग वाटलं, काय सांगून घ्यावं?

६

तांबट आळीत दिवसा बोलणं ऐकू येत नाही. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर हंडे, घागरी, बंब यांवर हातोडे पडत असतात, आणि तो ठोक ठोक आवाज दातांत जाऊन बसतो. पुंजारामचं घर आळीच्या मध्यावर होतं. पुढे ओटा, मग चुलीची खोली, मग आणखी एक काळोखी खोली.

सिंधुबाईंनी त्या मागल्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि ठोकणं थांबलं.

त्या मागे सरकल्या. चुलीच्या खोलीत आवाज होताच, कान किटवणारा. पुन्हा उंबऱ्यात पाय टाकला. काही नाही. दोन खोल्यांमध्ये दारही नव्हतं, नुसती चौकट. त्यांनी वळून पुंजारामकडे पाहिलं. त्याला बिचाऱ्याला इकडे तिकडे सारखंच होतं.

खोलीत खिडकी नव्हती. समोरच्या भिंतीत लाकडी फडताळ होतं, त्याची दोन्ही दारं उघडी. आत दोन फळ्या, त्यांवर मिठाचं मडकं, एक फुटकी कढई, बयाची पाटी. मागे मातीनं सारवलेली साधी भिंत. त्यापुढे कुसाबाई मांडी घालून बसली होती. हात मांडीवर, उताणे. उजव्या हाताचा अंगठा बोटाला टेकायचा तेवढा राहिला होता.

हात रिकामे होते. सिंधुबाईंनी नीट पाहिलं. तिच्या तळव्यांवरच्या रेषासुद्धा त्यांना दिसल्या असत्या, पण खोलीत तेवढा उजेड नव्हता.

उजेड नव्हता, आणि तरी कुसाबाईचा चेहरा दिसत होता. उन्हात पुस्तक उघडून बसलं की पांढऱ्या कागदाचा उजेड हनुवटीखालून चेहऱ्यावर पडतो, तसा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते आणि परत येत होते. मग पान उलटल्याचा आवाज झाला, आणि तिच्या गालावरून एक सावली हळूच उजवीकडून डावीकडे सरकून गेली.

"बसा, बाई," कुसाबाई वर न पाहता म्हणाली. "थोडंच राहिलंय. आज संपतंय."

त्या तिच्याशेजारी बसल्या. का बसल्या हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. बहुधा सवयीनं, कुणी वाचत असलं की त्या शेजारी बसत.

"कुसाबाई, हे पुरे करा. उठा. अंगात काही राहिलं नाही तुमच्या."

"ती पोचली, बाई. शेवटच्या पायऱ्या राहिल्यात. खाली पोरगी हाय."

"कोण पोरगी?"

"नाव दिलेलं नाय. अंधारात बसलीय. 'आई' म्हणून हाक मारते." तिनं पहिल्यांदा डोळे वर केले. ते डोळे आनंदानं ओले झाले होते, आणि ते पाहून सिंधुबाईंना अधिकच भीती वाटली. "दुसरी कोण असणार? तिला वाचायला येत होतं. तिनंच धाडलं असंल मला हे."

"वाचून कोण दाखवतंय तुम्हाला? बया?"

"नाय," कुसाबाई म्हणाली. "तिचा आवाज मी वळखीन की नाय? हे दुसरंच कोण हाय. लय म्हातारं हाय ते. पण वाचतंय चांगलं."

सिंधुबाईंनी फडताळाकडे पाहिलं. पाटी, कढई, मडकं. सारवलेली भिंत.

"बया तुम्हाला 'आई' म्हणायची?" त्यांनी विचारलं.

कुसाबाईचे ओठ नुसते हलत राहिले.

"आये," ती म्हणाली. "आये म्हणायची ती. ताप डोक्यात गेला तवा बी आयेच म्हणत होती." मग ती घाईघाईनं सिंधुबाईंकडे वळली. "पण पुस्तकात तसं लिहीत नाय ना, बाई? पुस्तकात 'आई' असंच लिहितात. तुम्ही मास्तरीण हाय. तुम्ही सांगा."

"हो," सिंधुबाई म्हणाल्या. "पुस्तकात आई असंच लिहितात."

त्या खरं तेच बोलल्या होत्या. पण बोलताना त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. खाली जे कुणी बसलं आहे, त्याला हिची मुलगी हिला काय म्हणायची हे ठाऊकच नाही.

७

कुसाबाईनं पुन्हा मान खाली घातली.

"ती स्त्री आता अखेरच्या पायरीवर उभी होती," ती वाचू लागली. ओठ शेजारी हलत होते. आवाज जमिनीखालून येत होता. आधी माडीवर यायचा तसा जरासा खालून नव्हे, थेट खालून, खडकाखालून. सिंधुबाईंच्या मांडीला तो जमिनीतून लागत होता. "समोर काळोख होता. तिने हात पुढे केला. तोच दुसरा एक हात..."

पान उलटलं. उजवा अंगठा बोटाला टेकला. कुसाबाईची दोन्ही पावलं पाण्यातून काढल्यासारखी ओली होती आणि खालच्या सारवणावर ओल पसरत चालली होती. तिचा श्वास चालत नाही हे सिंधुबाईंना तेव्हा दिसलं. वाचन चालू होतं आणि छाती हलत नव्हती.

पुढचं वाक्य सिंधुबाईंना येत होतं. त्यांच्या जिभेवर येऊन ते बसलं होतं, स्वच्छ, टाइपात छापल्यासारखं. त्यांनी दात आवळले, पुढे वाकल्या, आणि आपले दोन्ही हात कुसाबाईच्या हातांबाहेरून घालून जोरानं एकत्र दाबले.

मध्ये काही तरी होतं. जाड, थंड, भिजलेल्या कागदाचं. ते मिटेना. दुसऱ्या बाजूनं कुणी तरी बोट घालून पान राखून ठेवलं आहे असं त्यांना हातांना कळलं. त्यांनी गुडघा टेकला आणि सगळं वजन घातलं. फट असा आवाज झाला, मोठं पुस्तक मिटल्यावर होतो तसा.

आणि आळीतलं ठोकणं एकदम खोलीत शिरलं, भिंत पडावी तसं. कुसाबाई उन्मळून त्यांच्या अंगावर पडली. खोकत होती, श्वास ओढत होती, बुडता बुडता वर काढलेल्या माणसासारखी. पुंजाराम धावत आला, त्यानं तिला खांद्याखाली धरून उचललं. तिच्या तोंडून पाण्याची गुळणी पडली.

त्या गडबडीत, तिच्या खोकण्यात आणि बाहेरच्या त्या घणांच्या गोंगाटात, फडताळामागून हाक आली. एकदाच. लांबून.

पुंजारामला ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. कुसाबाईनं खोकता खोकता मान वळवली, पण तेवढ्यात तो तिला घेऊन चौकटीबाहेर पडला होता. सिंधुबाई जमिनीवर बसून राहिल्या. त्यांनी फडताळाकडे पाहिलं नाही. पाठ न वळवता, हातांवर रेटत, त्या चुलीच्या खोलीत आल्या.

८

वैशाखात कुसाबाई सावरली. खाऊ लागली, चार घरं हिंडू लागली. हात मात्र पदरात गुंडाळूनच बसायची. पुंजारामनं ती मागली खोली दगडमातीनं बुजवून टाकली आणि येवल्याला, तिच्या भावाकडे जाऊन राहायचं ठरवलं. तिथंही ठोकायला भांडी मिळतीलच, तो म्हणाला.

निघायच्या दिवशी दुपारी टांगा शाळेशी थांबला. सिंधुबाई फाटकाशी आल्या. कुसाबाई मागच्या बाकावर गाठोड्यांत बसली होती. उतरली नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पुस्तक मिटवल्याबद्दल हिनं आपल्याला माफ केलेलं नाही हे सिंधुबाईंना कळत होतं.

"सगळे म्हणतात, तुमच्यामुळं वाचले," कुसाबाई म्हणाली. "असंल. मला एकच विचारायचं होतं."

"विचारा."

"हाक आली होती ना? मी खोकत होते. हाक आली एवढं कळलं, शब्द कळला नाय. तुम्ही तिथंच होता." ती बाकावरून पुढे झुकली. "काय म्हणाली? आई म्हणाली का आये?"

घोड्यानं मान झटकली. पुंजाराम पुढे बसून रस्त्याकडे पाहत होता, त्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"आई," सिंधुबाई म्हणाल्या. "स्पष्ट ऐकलं मी. आई अशीच हाक होती."

कुसाबाईनं डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काही तरी उतरल्यासारखं झालं. "मग ती नव्हती," ती स्वतःशीच म्हणाली. "नव्हतीच ती." मग तिनं हात लांब करून सिंधुबाईंचा हात क्षणभर धरला. हात कोरडा होता, ऊबदार होता. टांगा निघाला.

टांगा दिसेनासा झाला तरी सिंधुबाई फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा एकदा सगळं मनाशी जुळवून पाहिलं, रोज जुळवत तसंच. कुसाबाईनं तो शब्द त्याच खोलीत उच्चारला होता, उघड्या फडताळापुढे, मोठ्यानं. ऐकणाऱ्यानं तो ऐकला असणार आणि उचलला असणार. तोवर त्याला ठाऊक नव्हता, मग कळला. इतकं ते सरळ होतं. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

मात्र तो आवाज त्यांनी रोज वर्गात ऐकला होता, तिसऱ्या बाकावरून, बया धडा वाचायची तेव्हा. आणि हाक होती ती "आये" अशीच.